चारशे चिंचोके

मी रामकिसन, राहणार मुकुंदवाडी, शिक्षण निजामी अमदानीतील उर्दू चौथीपर्यंत. ही हकीकत लिहिताना मी कोठेही पदरचे तिखटमीठ लावलेले नाही. जेथे चूक माझी आहे, तेथे ती माझी म्हणूनच लिहिली आहे.

निजामाविरुद्धच्या पोलीस अॅक्शनला तेरा वर्षे होऊन गेली होती. त्या हिवाळ्यात मला चिकलठाण्याच्या धावपट्टीवरील एका लहानशा उड्डाण क्लबात मुन्शीची जागा मिळाली. क्लबाजवळ विमान एकच, दोन माणसे बसतील एवढे, पंखांवर कापड ताणून मढवलेले. नेमणूक तीन महिन्यांच्या कसोटीवर होती. त्यापूर्वी मी जकात नाक्यावर होतो. नवे पैसे सुरू झाले तेव्हा आणे मोडून शंभराच्या हिशेबात बेरीज करण्यात सारे नाके गोंधळले, परंतु मी गोंधळलो नाही. साहेबांनी त्याबद्दल मला दोन ओळींचे प्रशस्तिपत्र दिले होते. ते मी विमानाच्या शेडमध्ये टेबलाच्या काचेखाली ठेवले.

माझे काम तपासण्यांचे नियोजन हे होते. विमान हे बैलगाडीप्रमाणे मोडल्यावर दुरुस्त करावयाचे वाहन नव्हे. ते मोडण्यापूर्वीच उघडून पाहावे लागते. दर पंचवीस तासांच्या उड्डाणानंतर इंजिनाचे तेल बदलावयाचे आणि प्लग काढून साफ करावयाचे. शंभर तास भरण्याआधी हैदराबादेहून परवानाधारक इंजिनिअर येणार, विमानाचा सांधा न् सांधा पाहणार आणि सही करणार. त्या सहीवाचून एकशेएकावा तास उडणे म्हणजे कायद्याचा आणि जिवाचा, दोहोंचा भंग. इंजिनिअरास पत्र तीन आठवडे आधी टाकावे लागे, म्हणून बाकी तासांचा अंदाज बिनचूक पाहिजे. या झाल्या नेमाच्या तपासण्या. विमान आपटून उतरले, पक्षी धडकला, वावटळीत सापडले, तर तास न मोजता तत्काळ तपासणी करावयाची. ती बिननेमाची. मी एक काळा फळा रंगवून घेतला. त्याच्या डाव्या अंगास नेमाच्या तपासणीस बाकी राहिलेले तास आणि उजव्या अंगास बिननेमाच्या तपासणीचे कारण, असे दोन रकाने आखले. मागच्या सहीपासून माझ्या आगमनापर्यंत चाळीस तास झालेले होते. तेथून पुढची बेरीज माझ्या हातची.

विमानाचा मिस्त्री गयास हा पन्नाशीचा, कमी बोलणारा गृहस्थ होता. निजामाच्या काळात हैदराबादेस तो हे काम शिकला होता. माझा फळा इतका ठसठशीत असूनही त्याने त्याकडे कधी मान वर करून पाहिले नाही. माझ्या मनात संशयाचा पहिला खडा पडला तो येथेच.

नंतर खडे पडतच गेले. दररोज सायंकाळी विमान आत घेतल्यावर गयास कोपऱ्यातील तुपाच्या जुन्या डब्यात हात घाली, काहीतरी काढून खिशात टाकी आणि डब्यावर फडके झाकी. मी जवळ गेलो की त्याचा हात थांबे. एके सकाळी मी त्याला विमानाच्या चाकाजवळ बसलेला पाहिले. चाकावरच्या लोखंडी पायावर तो बोटाने गेरू लावीत होता. मी कारण विचारले. तो म्हणाला की नजर लागू नये म्हणून. त्याने थट्टा केली हे मला कळले, परंतु थट्टेआड माणूस काय लपवतो ते कळले नाही. दोन वेळा त्याने चाकात हवा कमी असल्याचे सांगून विमान अर्धा दिवस रोखून धरले. मी हवा स्वतः मापाने तपासली, ती पुरेशी होती. फळ्याच्या उजव्या रकान्यात मी दोन्ही वेळा लिहिले : कारण आढळत नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. हेच सारे एखाद्या आप्पासाहेबाने केले असते तर मी एवढे खडे मोजले असते काय? गयास जुन्या राजवटीतला माणूस, असे क्लबात सर्रास बोलले जाई. मी ते बोललो नाही, परंतु ऐकून घेतले. ऐकून घेतलेले मनात राहतेच.

मग तो बुधवार आला. मी सकाळी पोहोचलो तर इंजिनाचे झाकण उतरवलेले, खाली घमेल्यात काळे तेल, आणि प्लग कापडावर ओळीने मांडलेले. माझ्या फळ्यानुसार विमानाचे सहासष्ट तास झाले होते. पंचाहत्तराची तपासणी अजून आठ तास दूर होती.

मी म्हणालो, "मिस्त्री, वेळ झाली नाही."

"झाली, मुन्शीजी."

"कोणाच्या हिशेबानं?"

त्याने विमानाच्या नाकावर हात ठेवला. "हिच्या," तो म्हणाला, आणि पाना फिरवू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो प्लग फडक्यात बांधून सायकलीवरून निघाला. मी अंतर ठेवून मागे गेलो. उस्मानपुऱ्यातील एका मोटार गॅरेजपाशी तो उतरला. गॅरेजवाल्याने गाठोडे उघडून प्लग हातात घेऊन उजेडाकडे धरले, दोघे हसले, आणि गाठोडे आत गेले. मला आणखी काय पाहिजे होते? क्लबाचे प्लग वेळेआधी काढावयाचे, चांगले विकावयाचे आणि जुने बसवावयाचे, अशी सारी साखळी माझ्या मनात कडीला कडी लागून तयार झाली.

क्लबाचे सचिव काकासाहेब मोठ्या जमिनीचे धनी. त्यांना मी सर्व सांगितले. ते म्हणाले की तोंडी वाऱ्यावर जाते, लेखी द्या. मी दोन रात्री बसून अकरा कलमांची तक्रार लिहिली. माझी पत्नी साळूबाई कंदिलाची वात वर करीत म्हणाली, "इतकं चांगलं अक्षर तर आपल्या लगनाच्या चिठ्ठीलाबी नव्हतं. कुणाच्या पोटावर पाय देऊ लागलाव एवढं जपून?" मी पुढचे कलम लिहू लागलो. अर्जाच्या शेवटी मी विनंती केली होती की सदर मिस्त्रीस कामावरून दूर करावे.

शनिवारी सकाळी विमानाच्या शेडमध्ये बैठक भरली. काकासाहेब खुर्चीवर. तात्यासाहेब, म्हणजे उड्डाण शिकवणारे आमचे वैमानिक, पंखाला टेकून उभे. गयास इंजिनाजवळ. माझा अर्ज वाचून दाखवला गेला, आणि खरे सांगतो, त्यातील वाक्यरचना ऐकून मला अभिमान वाटला.

प्लगांविषयी गयास म्हणाला की प्लगांवर वाळू मारून साफ करणारे मशीन येथे नाही, म्हणून गॅरेजातल्या मशीनवर साफ करून आणले, इंजिनाला लावलेत, क्रमांक पाहून घ्या. मी रजिस्टरातील क्रमांक ताडले. तेच होते. माझी एक कडी तुटली, परंतु साखळी मी सोडली नाही. गेरूविषयी विचारताच त्याने एकवार तात्यासाहेबांकडे पाहिले आणि म्हणाला की ती आपली खासगी खूण आहे. तात्यासाहेब चष्मा पुसू लागले.

"आणि इंजिन कोणाच्या हुकमानं उघडलं?" काकासाहेबांनी विचारले.

"पंचाहत्तर तास भरले, साहेब."

"फळ्यावर सहासष्ट आहेत."

"फळा मुन्शीजींचा. माझा डबा."

डबा मागवण्यात आला. काकासाहेबांनी फडके उचलले. आत चिंचोके होते. एखाद्या घरी सारीपाटाला ठेवावेत तसे, धुऊन वाळवलेले चिंचोके. काकासाहेब हसले, त्यामुळे मीही हसलो. गयासने सांगितले की हैदराबादेस त्याच्या उस्तादाने हीच रीत शिकवली. इंजिनिअरची सही झाली की डब्यात मोजून चारशे चिंचोके टाकावयाचे. विमान पाव तास उडाले की एक बाहेर. पाऊण तासाला तीन, तासाला चार. डबा रिकामा झाला की विमान जागचे हलवावयाचे नाही. आम्ही टेबलावर मोजले. बरोबर शंभर निघाले, म्हणजे पंचवीस तास बाकी. फळ्यावर बाकी तेहतीस होते.

"चिंचोके खरे मानायचे का रजिस्टर?" काकासाहेब म्हणाले. उत्तर प्रश्नातच होते. गयासकडून शेडच्या किल्ल्या घेण्यात आल्या आणि सोमवारी निकाल सांगण्याचे ठरले. जाताना त्याने हात पुसण्याचे फडके नेहमीच्या खिळ्याला टांगले. डबा मात्र टेबलावरच राहिला.

रविवारी दुपारी काकासाहेबांकडून किल्ली मागून घेऊन मी एकटाच शेडमध्ये गेलो. सोमवारच्या निकालास पुरावा म्हणून रजिस्टराचा स्वच्छ उतारा करावा, एवढाच हेतू होता. माझ्या कारकिर्दीत बेचाळीस उड्डाणे झाली होती. अठ्ठावीस पाऊण तासाची, चौदा तासाची. वैमानिक पाऊण तास ०.४५ असा लिहीत, तास १.०० असा. उतारा करता करता, केवळ गयासची रीत किती हास्यास्पद आहे हे पुराव्यात घालावे म्हणून, मी ती उड्डाणे चिंचोक्यांत मांडली. अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी. चौदा चोक छप्पन्न. एकूण एकशेचाळीस. चार चिंचोक्यांचा एक तास, म्हणजे पस्तीस तास. चाळीस आणि पस्तीस, पंचाहत्तर.

मी पुन्हा मांडले. पुन्हा पंचाहत्तर.

मग मी माझी बेरीज उघडली. एकूण ६६.६०. त्या साठावर माझे बोट थांबले. साठ मिनिटे म्हणजे तर पुरा तास. तो टिंबाच्या उजवीकडे अजून काय करीत होता? मागची पाने चाळली. तेथे सत्तर होते, नव्वद होते, एका ठिकाणी पंच्याऐंशी. जकात नाक्यावर शंभर नव्या पैशांचा रुपया करण्यास शिकलेला माझा हात तासालाही शंभर मिनिटांचा समजून बेरजा करीत आला होता. प्रत्येक पाऊण तासात काही मिनिटे मी गिळली होती, आणि अडीच महिने कोणालाही कळले नव्हते. काचेखालचे प्रशस्तिपत्र माझ्याकडे पाहत होते.

आता मी तेथे काय विचार केला तेही लिहितो. रजिस्टर माझ्या ताब्यात होते. शेडमध्ये कोणी नव्हते. सोमवारी गयास जाणार होता, चिंचोके त्याच्याबरोबर जाणार होते, आणि पंधरा दिवसांनी माझी कसोटी पुरी होत होती. पुढच्या पानावर आठ तास हळूहळू मिसळून टाकणे मला अशक्य नव्हते. मी लेखणी शाईत बुडवलीही. परंतु टेबलावर चिंचोके पडलेले होते आणि ते पुन्हा डब्यात भरण्यास माझा हात धजावेना. मी दुसरा अर्ज लिहिला. तो अकरा कलमांचा झाला नाही, चार ओळींत संपला.

सोमवारी काकासाहेबांनी तो वाचला, घडी केली आणि माझ्यापुढे सरकवला. तात्यासाहेब बाजूला होते. गयास दाराबाहेर उभा होता, आत बोलावल्याशिवाय तो येणार नव्हता.

काकासाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "हा कागद परत घ्या, मुन्शी. आकडे दुरुस्त करून घ्या. मिस्त्रीला काढायचं आम्ही तसंही ठरवलंच होतं, तुमच्या अर्जानं ते सोपं झालं. तुमची कसोटीही आता संपतच आली."

तेव्हा मला उमगले की माझ्या अकरा कलमांची त्यांना गरज होती, माझ्या बिनचूकपणाची नव्हती. मी उभा राहिलो. 

"साहेब, शंभर तास भरल्यावर माझ्या फळ्यावर निदान आठ तास बाकी दिसले असते," मी म्हणालो. "ते आठ तास हे विमान विनासहीचं उडालं असतं. कुणाच्या जिवावर, तेवढं मला सांगा, मी कागद परत घेतो."

 मग तात्यासाहेब म्हणाले, "माझ्या."

त्यांनीच पुढे सांगितले की गयासने विमान रोखून धरले त्या दोन्ही वेळी ते त्यांच्या हातून आपटून उतरले होते. शिष्यासमोर लाज वाटली म्हणून रजिस्टरात लिहिले नाही. आपटल्याने चाकावरचा लोखंडी पाय मर्यादेबाहेर दबला की वरची नळी त्यावर सरकून गेरू पुसून टाकते. गयास ते पाहत असे, हवेचे निमित्त करून सांधे तपासत असे आणि कोणाचे नाव घेत नसे. काकासाहेबांनी तात्यासाहेबांकडे, मग दाराबाहेरच्या गयासकडे पाहिले आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्यांना राग आला होता, पण विमान उडवणारा एक आणि उघडणारा एक, या दोघांवाचून क्लब चालणार नव्हता.

मी ओल्या फडक्याने फळा पुसला, बाकी पंचवीस लिहिले आणि त्याच दिवशीच्या टपालाने हैदराबादेस इंजिनिअरला पत्र टाकले.

माझी कसोटी आणखी सहा महिने वाढवण्यात आली. गयासने मला क्षमा केली असे मी म्हणणार नाही. मी क्षमा मागितली तेव्हा तो म्हणाला, "मुन्शीजी, अर्ज लई चांगला लिवला व्हता. माझ्या निकाहनाम्यातबी माझं नाव एवढ्या इज्जतीनं आलं नाय." आणि तो हातातले काम करू लागला.

परंतु त्या दिवसापासून तो सायंकाळी मला रजिस्टर मोठ्याने वाचावयास लावतो आणि माझ्यासमोर चिंचोके काढतो. मी आकडा वाचताना तो माझ्या तोंडाकडे पाहतो. तो डब्यात हात घालतो तेव्हा मी त्याच्या बोटांकडे पाहतो. परवा पाऊण तासाचे उड्डाण होते आणि त्याच्या मुठीत चार आलेले मला दिसले.

"तीन," मी म्हणालो.

त्याने मूठ उघडून पाहिली आणि एक परत टाकला. मग स्वतःच फळ्यापाशी जाऊन उजव्या रकान्यातील माझी ओळ वाचू लागला. तात्यासाहेबांनी त्या दिवशी प्रथमच आपण होऊन सांगितले होते आणि मी लिहिले होते : आपटून उतरले, तपासावे.