हल्काईचं नाक

"बिन्नू, तुपाला आधी कातडीनं विचारायचं, मग नाकानं," बाप लाडानं लेकीला म्हणायचा आणि फुलियाच्या इवल्या मनगटावर तुपाचा थेंब चोळायचा. बाप जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी तो आवाज तिच्या कानातून गेला नव्हता.

रूळ आले तेव्हा सिमरौनीत बाभळीचं बन तेवढं होतं. रुळांमागून तूप आलं, तुपामागून पत्र्याचे डबे घडवणारे, हमाल, पेढ्या. फुलियाच्या बापानं, पारखी हल्काईनं, मान डोलावल्याशिवाय डब्यावर शिक्का बसत नसे. मग एका साली कलकत्त्याहून मालगाडीची अख्खी वाघीण परत आली, भेसळीचं तूप म्हणून. पेढीचे मालक धरमदास सेठ म्हणाले, तंबाखूनं पारख्याचं नाक गेलं. बाजार उठला. मेल थांबेनाशी झाली. गावात म्हण तेवढी उरली. कुणी चुकलं की "हल्काईचं नाक!" फुलियाच्या वरातीतही पोरांनी ती ओरडून म्हटली होती.

मरताना बापानं तिच्याकडून वचन घेतलं. सेठचं नाव बुडालं तर वीस घरांच्या चुली विझतील, गप्प राहा. ती राहिली. चुली तशाही एकेक करून विझल्या. तिचा राग मात्र मंद आचेवरच्या लोण्यासारखा कढतच राहिला.

आता सेठचा नातू मुकुंदीलाल पेढी पुन्हा उघडत होता. कलकत्त्याचा व्यापारी उतरला तो फलाटावरच अडून बसला, आधी पारखी आणा म्हणाला. पारख उरली होती एकट्या फुलियापाशी. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं जिज्जी, जिज्जी करत मुकुंदी स्वतः टांगा घेऊन तिच्या दारात आला.

फलाटावर डबा फोडला. तिनं मनगटावर थेंब चोळला, हुंगला. तूप अस्सल होतं, रानातल्या गवताचा वास होता त्याला. ती एकदा 'नाही' म्हणाली असती की पेढी संपली असती. ती मुद्दामच बोलेना. मुकुंदीची टोपी घामानं भिजली.

"बोल की जिज्जी," तो कसनुसं हसला. "का तुझंही नाक बापावर गेलं?"

हमाल फिदीफिदी हसले. फुलिया व्यापाऱ्याकडे वळली.

"तूप अस्सल आहे बाबूजी, खुशाल न्या. खोटं बोलायची रीत आमच्या घरची नाही, यांच्या घरची आहे. त्या वाघिणीतले साठ डबे माझ्या बापानं नाकारून बाजूला काढले होते. त्यांवर शिक्का मारला तो याच्या आजोबांनी, आपल्या हातानं. मी तिथंच उभी होते."