चाचणीचं नाव

आमच्या धंद्यात फुकट आलेल्या वस्तूकडे आधी संशयाने बघायचं आणि मग खोकं उघडायचं, हे मला त्साओदादांनी शिकवलं. तेव्हा ते आमच्या वेबसाइटचे संपादक होते आणि मी नुकतीच लागले होते. कॉम्प्युटरचे भाग तपासायचे, त्यातलं कामाचं काय आणि नुसतं मिरवणारं काय ते लोकांना सांगायचं, एवढंच आमचं काम. तैपेईच्या दुकानांत गिऱ्हाईक आमचा मजकूर फोनवर उघडून दुकानदाराशी हुज्जत घालतं, याचा मला भारी अभिमान आहे.

दादा आता ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एका कंपनीत गेलेत, जाहिरातीचं काम बघतात. कंपनीचं नवं कार्ड घेऊन ते एका दुपारी स्वतः आले. सोबत अननसाच्या केकचा डबा.

"कुरिअरने पाठवायचं ना," मी म्हणाले.

"का, माझं तोंड बघवत नाही?"

"तोंड बघवतं. केक बघून भीती वाटते."

"संशयी कुठली. मीच बिघडवलं तुला." मग कोट चढवता चढवता म्हणाले, "नेहमीचीच चाचणी लाव हं. लोकांना तीच कळते."

नेहमीची चाचणी म्हणजे एक प्रोग्राम. तो कार्डाकडून अवघड चित्रं भराभर काढून घेतो आणि शेवटी एक आकडा देतो. सगळं जग त्या आकड्यावर कार्डं तोलतं. दादांच्या कार्डाने असा आकडा काढला, की त्याच्याहून वरच्या दर्जाची कार्डं मान खाली घालून बसली. मी खूश झाले. मग सहज म्हणून एक खेळ लावला, तर रस्त्यावरून धावणारी गाडी वळणावळणाला अडखळायला लागली. आकडा पहिलवानाचा आणि चाल दमेकऱ्याची. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

पहिला संशय नेहमीचाच. कंपन्या आम्हाला निवडून निवडून उत्तम माल धाडतात आणि गाळसाळ बाजारात जातं. दाखवायचे दात वेगळे. म्हणून मी ओळख न देता एका दुकानातून तेच कार्ड विकत आणलं आणि तपासलं. आकडा तोच. तसूभरही कमी नाही.

मला स्वतःची लाज वाटली. ज्या माणसाने हाताला धरून शिकवलं, त्याच्यावरच मी चोरीचा आळ घ्यायला निघाले होते. प्रायश्चित्त म्हणून त्यांचा एक केक खाल्ला. पण दुकानातलं कार्डही त्याच वळणांवर अडखळत होतं, आणि ते काही केकबरोबर गिळता येईना.

दुसऱ्या दिवशी आमची पेई-शान जेवणाच्या वेळेला उगवली. ती आमचे व्हिडिओ करते. सकाळी नोंदणी कार्यालयात जाऊन ती नवं ओळखपत्र घेऊन आली होती.

"आजपासून मला शिन-यू म्हणायचं."

"पुन्हा बदललंस? मागच्या नावाने काय घोडं मारलं होतं?"

"अक्षरांतल्या रेघांची संख्या चुकली होती गं ताई. गुरुजींनी नीट मोजून दिलंय या वेळी."

"आणि नाव बदलल्याने नशीब कसं बदलतं, तेही सांगितलं असेल गुरुजींनी."

"हसू नकोस. साडेसाती आपल्याला तोंडाने ओळखत नाही. ती यादीतल्या नावाने शोधत येते. नाव बदललं की तिला पत्ताच लागत नाही."

माझ्या चॉपस्टिकमधला कोंबडीचा तुकडा परत डब्यात पडला. मी तशीच उठले आणि चाचणीच्या प्रोग्रामचं नाव बदललं. डब्यात 'तीन कप कोंबडी' होती, तेच नाव दिलं. प्रोग्राम तोच, कार्ड तेच, बाकी कशाला हात लावला नाही. चाचणी चालवली. आकडा धाडकन खाली आला. जुनं नाव परत दिलं, आकडा पुन्हा वर. दुकानातल्या कार्डाचंही तेच.

"म्हणजे हे कार्ड चाचणीला नावाने ओळखतं?" शिन-यूने विचारलं.

"कार्ड नाही, त्याच्याबरोबर येणारं सॉफ्टवेअर. साहेब तपासणीला येणार कळलं की शाळा कशी झाडूनपुसून ठेवतात, तसं. नाव दिसलं की निम्मी चित्रं अर्धवट काढून मोकळं होतं, म्हणून आकडा वर. साध्या खेळाला कोण विचारतंय?"

"बघ, आणि तू गुरुजींना हसत होतीस."

कंपनीने लबाडी केली, याचं मला नवल नव्हतं. दादांना ती माहीत होती का, एवढंच मला हवं होतं. जाहिरातीच्या माणसाला आतलं कोण सांगतं? त्यांनाही फसवलं असेल. तसंच असावं, असं मी मनापासून मागत होते. मी त्यांना फोन केला. आकड्यात काहीतरी घोळ आहे, येऊन जाता का, इतकंच बोलले.

दादा संध्याकाळी आले. मी पडद्यावर फक्त घसरलेला आकडा ठेवला होता, दुसरं काही नाही. शिन-यूने चहा दिला. दादांनी कप हातात घेतला आणि पडद्याकडे बघत राहिले.

"काल चांगला आला होता," मी म्हणाले. "आज एकदम घसरला."

"काय नाव दिलंस?" त्यांनी विचारलं.

कार्ड तापलं का, वीज कमी पडली का, दुसरं कार्ड लावून पाहिलंस का, विचारण्यासारखं किती होतं. नावाचं मी अवाक्षरही काढलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

त्यांनाही ते कळलं. त्यांनी कप हळूच खाली ठेवला.

"सगळे करतात, यू-फन."

"तुम्ही सगळ्यांतले नव्हता, दादा."

"छापणार?"

"छापणार."

"माझं नाव तेवढं..."

"नाही घालत."

ते गेले. शिन-यू त्यांच्या पाठीमागे दार लावून आली आणि माझ्या शेजारी बसली. मला रडू आलं, राग आला, दोन्ही एकदमच.

मी सगळं छापलं. नाव कसं बदलायचं तेही लिहिलं, म्हणजे ज्याला शंका आहे त्याने घरी करून बघावं. दुसऱ्या कंपनीने तुम्हाला काय चारलं, असं विचारणारेही पुष्कळ निघाले. त्यांचं मला काही वाटलं नाही. असं विचारावं, हेच तर आम्ही लोकांना शिकवत आलो.

पण माझा अगदी पहिला लेख दादांनी उभ्या उभ्या वाचला होता आणि म्हणाले होते, "तुला खोटं दिसतं. हे शिकवून येत नाही." कितीतरी वर्षं मी त्या वाक्यावर जगले. परवा ते आठवलं, आणि पहिल्यांदाच मनात आलं, की त्या दिवशी त्यांना माझ्याकडून काय हवं असेल?