एकशे सत्तावीस व्होल्टचं ब्लूज

ओळ

वहाबने मोबाइल काउंटरवर ठेवला, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि म्हणाला,

“चाचा, आपण सगळे चुकीचं वाजवतोय.”

हारून त्याला शोकेसची किल्ली देत होता. दम्मामच्या या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विक्रीचं काम आता सौदी माणसानेच करायचं, असा नियम आला होता. हारूनच्या जागी वहाब लागला होता, आणि उद्या हारूनचं मुंबईचं विमान होतं. किल्ली दोघांच्या मध्ये तशीच राहिली.

गाणं तेच होतं. नदीने घर नेलेल्या माणसाचं. गाणाराही तोच अमेरिकन म्हातारा. फक्त इथे तो घाईत होता, आणि आवाज इतका वरचा की जवळजवळ तरुण वाटावा.

“मोबाइल बिघडलाय तुझा.”

“बँडमधल्या सगळ्यांच्या मोबाइलवर ऐकलं. चाचा, ज्या कॅसेटवरून तुम्ही आम्हाला हे शिकवलंत, ती कशावर ऐकायचात?”

“मुंबईहून आणलेल्या टेपवर. चांगला दोनशेवीस व्होल्टचा...”

हारून थांबला. त्याच्या पहिल्या खोलीत एकशे सत्तावीसचा प्लग होता. टेप लावला, चालला, मग सावकाश चालतोय का याचा कोण विचार करतो? आणि याच काउंटरवर उभं राहून गावाकडून मिक्सर आणणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत आला होता, “भाऊ, ट्रान्सफॉर्मर घेऊन जा. नाहीतर रडत रडत चालेल.”

वहाबने हसू दाबलं.

“हस,” हारून म्हणाला. “माझी खुर्ची घेतलीस, आता हसायला काय लाजतोस!”

ओळ, पुन्हा

“रुमाना, आम्ही सगळे चुकीचं वाजवतोय.”

रुमाना बॅगेवर बसून चेन ओढत होती. “सगळे म्हणजे कोण?”

सगळे म्हणजे कोण ते तिलाही ठाऊक होतं. श्रीवर्धनहून आलेल्या या सेल्समनने परत जाणाऱ्या एका इंजिनियरकडून गिटार आणि ती कॅसेट घेतली, तेव्हा उघड्यावर वाजवायची सोय नव्हती. खिडकीला गादी लावायची, दाराला चादर. तशा खोल्यांतून हारून वाजवत राहिला. वाढदिवसाला, निरोपाला, कुणाचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, अडकला तर त्याचं मन रमवायला. फिलिपिनो नर्सा यायच्या, मल्याळी ड्रायव्हर यायचे, इजिप्तचा एक मास्तर तर रडायलाच यायचा. ज्यांना वाजवायचं होतं त्यांना हारून शिकवायचा. “एक ओळ म्हणा. तीच पुन्हा म्हणा. मग उत्तर द्या.” त्यांनी पुढे आणखी कुणाकुणाला शिकवलं. जुबैलमध्ये, होफूफमध्ये. ज्यांना हारून कोण हे माहीत नव्हतं, त्यांच्याही गिटारी त्याच्याच सुरात लावलेल्या असत. सगळ्यांच्या सारख्याच उतरलेल्या.

फोन वाजला. वहाब होता. आज संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावर त्याच्या बँडचा कार्यक्रम होता. मोकळ्या आकाशाखाली, परवानगीने, पहिल्यांदाच.

“चाचा, पोरं म्हणतायत खरं आहे तसं वाजवू. मी काय करू?”

“खरं आहे तसंच वाजव. नाहीतर लोक हसतील.”

हारूनने फोन ठेवला. रुमाना बॅगेवरून उठली नाही.

“अहो, हे त्याला सांगितलंत. तुम्हाला काय हवंय?”

“मला काय हवं असणार? मी उद्या खलास.” त्याने नखाने खिडकीच्या कडेला राहिलेली गादीची चिकटपट्टी खरवडायला घेतली. “एवढी वर्षं राहिलो, तर मागे काहीतरी राहावं. चुकीचं का असेना.”

उत्तर

वहाबने जलद सुरुवात केली. सूर वरचा, अगदी बरोबर. बोटं स्वच्छ पडत होती. हारून गर्दीत मागे उभा राहून ऐकत होता. चांगलं होतं. त्याच्यातलं त्यात काहीच नव्हतं.

तो टाळी वाजवू लागला. सल्ला त्यानेच दिला होता.

मग बाकीच्यांनी टाळी धरली. डावीकडे नर्सांचा घोळका, पुढे चटईवर बायकापोरांसह बसलेले ड्रायव्हर, आणि ज्यांना हारूनने कधी पाहिलंही नव्हतं असे कितीतरी. त्यांची टाळी गाण्यावर पडत नव्हती. मागे पडत होती. सावकाश, जड, सगळ्यांची एकाच वेळी.

ड्रमवाल्याने रागाने गर्दीकडे पाहिलं आणि ताल आणखी जलद केला. गर्दी ढळली नाही. बँड एकीकडे आणि टाळी दुसरीकडे, असं गाणं मधोमध फाटू लागलं. वहाबची बोटं अडखळली.

पोराची पहिलीच वेळ, आणि इतक्या लोकांसमोर. हारूनने हात डोक्यावर नेले आणि एकट्याने, जोरजोरात, जलद टाळी वाजवायला सुरुवात केली. रुमाना त्याची बाही ओढत होती.

शेजारी खांद्यावर मुलीला घेतलेला एक सौदी गृहस्थ बराच वेळ सहन करत होता. शेवटी तो वळला. हारूनच्या मनगटावर त्याने हलकेच हात ठेवला.

“शुवय्या, चाचा, शुवय्या,” तो अदबीने म्हणाला. “हळू. तुम्हाला माहीत नसेल, पण हे गाणं असं नाही.”

स्टेजवर ड्रमवाल्याने हार मानून गर्दीचा सावकाश ताल धरला होता.

“माफ करा,” हारून म्हणाला, आणि त्या माणसाच्या हातांकडे बघत टाळी वाजवू लागला.