सीटच्या भोकांतलं पितळ

तुम्ही खोटं बोललात. पोलीस ठाण्यातल्या काचेच्या खिडकीमागे बसून, मान वर न करता खोटं बोललात. "असा कुणी माणूस आम्ही उचललेला नाही. आमच्या गाडीत घातलेला नाही. नोंद नाही." समोर दोन बायका उभ्या होत्या. एक त्याची बायको, दुसरी थोरली बहीण. बहिणीच्या हातांकडे नुसतं बघितलं असतंत तरी कळलं असतं की ही बाई गाड्या साफ करते. पण हात बघायची सवय तुम्हाला कुठली!

तिसऱ्या दिवशी तुमच्या मोठ्या साहेबांची गाडी तिच्याच पुढ्यात येऊन उभी राहिली.

गाड्या आतून साफ करायच्या त्या दुकानात तिला सगळे ताई म्हणत. रजा मागितली तर मालकाने तोंड फिरवलं होतं, म्हणून ती कामावर आली होती. बारीक भोकांच्या लेदरच्या सीटा तिच्याकडेच यायच्या, कारण बाकीच्यांचा धीर दहा मिनिटांत संपायचा. आधी व्हॅक्यूम, मग मऊ ब्रशवर जरासा फेस, मग कोरडं फडकं. लेदर मऊ ठेवायचं क्रीम, कंडिशनर, तर सीटवर ओतायचंच नाही. फडक्याला बोटभर लावायचं आणि हलक्या हाताने फिरवायचं. ओतलं की ते भोकांत जाऊन बसतं आणि सीटखालच्या पंख्याची हवा वर येत नाही.

इथे नेमकं तेच झालं होतं.

"मागची सीट गार होत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "साहेबांना घाम येतो."

"हे क्रीम कुणी फासलं?"

"आमच्यातल्याच एकाने. घाईत पुसायची होती. अख्खा डबा उपडा केला पठ्ठ्याने."

"भिंतीला गिलावा करतात तसा केलाय."

ड्रायव्हर हसला. "पाचच्या आत द्या, ताई. नाहीतर माझी सालटी काढतील."

ताई मागच्या सीटवर वाकली. दिवा जवळ ओढला, पांढरं फडकं पसरलं आणि दात कोरायच्या काडीने एकेक भोक उकरायला लागली. वाळलेल्या क्रीमची बारीक वळी बाहेर आली. तिच्यात काहीतरी चमकलं. वाळू असेल. दुसऱ्या भोकातही तेच. पाचव्या भोकाला तिने ती वळी बोटांत चोळली. टोचलं. पिवळं होतं, केसासारखं बारीक, आणि टोकाला वळलेलं.

पितळेचा कीस.

धाकटा भाऊ पितळी नळ कातायच्या लेथवर कामाला होता. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीत कीस घेऊनच तो घरी यायचा. भावजय करवादायची, "वन्सं, तुमच्या भावाला आधी झटका आणि मग घरात घ्या. मी अंथरुणात झोपते की कानशीवर?" परवा सुटीच्या भोंग्यानंतर त्याला कारखान्याच्या फाटकाबाहेरून उचलून नेलं होतं. अंगही न झटकता.

तिने पाठीचा भाग तपासला. एक कण नाही. कुशनच्या दुसऱ्या टोकाला काही नाही. सगळं पितळ खालच्या कुशनवर, दाराजवळ, एका डोक्याएवढ्या जागेत. बसलेल्या माणसाचं डोकं तिथे येत नाही.

वरवर पुसलं असतं तर सगळं केव्हाच उडालं असतं. पठ्ठ्याने डबा ओतला आणि भोकाभोकांत पक्कं करून ठेवलं.

"काय निघतंय एवढं?" ड्रायव्हर मागे येऊन उभा राहिला होता.

"साखर असेल. पोराबाळांनी सांडलेली."

"साहेबांना पोरं नाहीत."

ती काडी चालवतच राहिली. "मग वाळू असेल."

"व्हॅक्यूमने ओढा की सरळ."

"ओढते. खालचा पंखा गेला तर साहेबांना तुम्ही सांगा."

तो दोन पावलं मागे सरला. त्यालाही भीती होतीच. त्या गाडीजवळच्या प्रत्येकाला होती.

पाचला दहा कमी असताना सीटमधून हवा यायला लागली. ड्रायव्हरने हात ठेवून बघितला आणि खूश झाला. शिलाईलगतच्या भोकांच्या दोन ओळी ताईने मुद्दाम, गाडीतही पुरावा राहावा म्हणून, उकरल्या नव्हत्या. त्यावरून फडकं फिरवलं, चकाकी आणली. पांढऱ्या फडक्याची घडी मात्र पोलक्याच्या आत गेली होती.

घरी तिने कीस दोन पुड्यांत वाटला. एक भावजयीकडे ठेवली. "उद्या दुपारपर्यंत मी आले नाही, तर ही घेऊन वकिलाकडे जा. माझ्यामागे येऊ नकोस." भावजयीने पुडी छातीशी धरली. रडली नाही. रडायला तोंड उघडलं असतं तर किंचाळली असती.

सकाळी ताई पुन्हा त्याच खिडकीशी गेली. पुडी उघडून तिने कीस खिडकीपुढच्या टेबलावर ओतला.

"हे काय?" तुम्ही विचारलंत.

"तुमच्या साहेबांच्या मागच्या सीटमधून काढलंय. आमचा धाकटा आहे त्या लेथच्या कारखान्यात पितळेवर चौघं काम करतात. तिघं घरी आहेत."

तुम्ही किसाकडे बघितलंच नाहीत. तिच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे बघत तुम्ही हळूच विचारलंत, "एकट्याच आलात का, बाई?"

मागे दाराची कडी लागल्याचा आवाज झाला. तिने दोन्ही तळवे टेबलावर टेकवले.

"हो, एकटी. आता तुम्ही सांगा. त्याचं डोकं तुम्ही त्या सीटवर दाबून धरलं होतं, तेव्हा तो जिवंत होता ना? माझा भाऊ कुठे आहे?"