एक झाकण स्टिकर

मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा कोट आहे. घाटंजीजवळच्या तांड्यावर, खेमसिंगच्या घरात खुंटीला टांगलेला असतो. मला कुणी घालत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवून त्यांचे शेवयांसारखे धागे काढले. उन्हाने विरू नयेत म्हणून त्यांत एक रसायन मिसळले होते. कापड विणून झाल्यावर दुसरे रसायन वरून चढवले. त्यामुळे पाण्याचा थेंब माझ्यावर गोल राही आणि घरंगळून जाई. मला त्याचा अभिमान होता.

बाजाराच्या दिवशी कृषी केंद्रवाल्या राजकुमारने मला लोकांसमोर धरले आणि पेलाभर पाणी ओतले. थेंब पळाले.

"पाहा, पाणी टिकत नाही, तं विष आत कसं जाईन?"

"आळूचं पानच हाय हे," खेमसिंगची बायको रामीबाई हसली. तिने मला नवऱ्यासाठी घेतले. पण खेमसिंग उंच. माझ्या बाह्या त्याच्या कोपरापाशीच संपल्या.

"बुजगावणं दिसून राह्यले तुमी," ती म्हणाली. "काढा. मीच घालते, अन् पंपही मीच घेते."

कपाशीचे पानही माझ्यासारखेच. त्यावरून विषाचे थेंब घसरत. तेव्हा राजकुमारने एक छोटी बाटली दिली. "हे स्टिकर. पंपात एक झाकण टाका. थेंब पानावर पसरते."

खरेच पसरले. पण मित्रांनो, जे पानावर झाले तेच माझ्यावर झाले. साबणाच्या पाण्यासारखा तो थेंब गोल राहिना. चपटा झाला, धाग्यांमधल्या फटींत शिरला, आत उतरला. माझे रसायन त्याच्यापुढे हरले. रामीबाईची पाठ भिजत होती आणि तिला वाटत होते, घाम आहे.

संध्याकाळी तिला अंधुक दिसू लागले, मग उलट्या सुरू झाल्या. यवतमाळच्या दवाखान्यात तिने प्राण सोडला. खेमसिंगने मला पिशवीत घालून परत आणले.

तेरवी झाल्यावर राजकुमार घरी आला. म्हणाला, "कोट बरोबर होता, भाऊ. वहिनीनं नीट घातला नसन. बाईमाणसाले समजत नाही."

राजकुमार गेल्यावर खेमसिंगने मला अंगणात पसरले आणि साधे पाणी ओतले. पळाले. मग पाण्यात झाकणभर स्टिकर टाकून ओतले. खालची माती भिजली. त्याने ती ओली माती बोटांनी चाचपली.

पुढच्या बाजारी त्याने पंप पाठीला लावला आणि मला पिशवीत घेतले. पंपात पाणी होते आणि स्टिकर. विष नव्हते. मला विचाराल तर असायला हवे होते.

राजकुमार नवा कोट हातात धरून पेला ओततच होता. खेमसिंग म्हणाला, "भाऊ, तुमीच घाला ना. मी फवारतो."

लोक थांबले होते. राजकुमार हसत हसत कोट चढवून उभा राहिला. गळ्यापर्यंत बटणे लावली.

खेमसिंगने पंपाचा दांडा हलवून फवारा मारला. थेंब पळाले नाहीत. कापडावर डाग पसरले. राजकुमारने पाठीला हात लावला आणि त्याचे हसू गेले.

"काय हाय रे पंपात?"

"पाणी. अन् तुमचंच स्टिकर."

राजकुमारने बटणे तोडून कोट फेकला. आतला पांढरा शर्ट अंगाला चिकटला होता. तो नळाकडे धावला.

"साबण लावा, भाऊ," शेजारचा चपलांचा दुकानदार धम्मरत्न ओरडला. लोक हसले.

"विष नाही ना, खेमसिंग? खरं सांग," राजकुमार नळाखालून म्हणाला.

"सांगतलं ना, पाणी हाय," खेमसिंग शांतपणे म्हणाला. "कायले भेता? तुमी काही बाईमाणूस नाही. कोट नीटच घातला असन."

राजकुमारने मान खाली घातली. माफी मागितली नाही. आम्हालाही ती नको होती. रामीबाईबद्दलचे ते वाक्य मात्र त्याने पुन्हा कुठे उच्चारले नाही.

मित्रांनो, तुमच्या आईवडिलांसाठी माझ्यासारखा कोट घेतला, तर साध्या पाण्यावर विश्वास ठेवू नका. पाण्यात एक झाकण स्टिकर टाका आणि विकणाऱ्यालाच आधी कोट घालायला सांगा. तो मागे सरकला, तर तुम्हीही घरी परत जा.