‘खुशीने द्या’ लिहिलेला डबा

माझ्या तोंडावर चिकटपट्टी लावलेली आहे, मित्रांनो, म्हणून जे सांगायचे ते पोटातून सांगतो. मी टिपचा एक जुना डबा आहे. सध्या माझा मुक्काम कांद्याची पोती ठेवतात त्या खोलीत, अगदी मागच्या फळीवर आहे.

माझा जन्म सेलूचा. परमेश्वर नावाच्या कारागिराने एका दुपारी पत्रा कापून, ठोकून मला घडवले. वर पैसे टाकायला चीर ठेवली, मागे छोटे दार केले आणि दाराला कुलूप लावले. अंगाला हिरवा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिले, ‘खुशीने द्या’. देवगाव फाट्यावर महारुद्रशेठचे जेवणाचे हॉटेल आहे. शेठनी मला गल्ल्याशेजारी बसवले आणि चार स्क्रू पिळून टेबलाला पक्के केले.

त्याआधी तिथली टिप बडीशेपेच्या ताटलीतून जायची. ज्याचे टेबल, त्याचे पैसे. सगळ्यात जास्त मिळायची सटवाजीमामांना. वय छप्पन, उजवा गुडघा कायम सुजलेला, पण गिऱ्हाईक नीट टेकते न टेकते तोच मामांनी पाण्याचा तांब्या ठेवलेला असायचा. तरी मला आणायची कल्पना त्यांचीच. ते शेठना म्हणाले होते, "शेठ, लोक भाकरी खाऊन खूश व्हायलेत आन पैसे माझ्या हातावर ठेवायलेत. आत चतुराबाई तव्याम्होरं भाजून निघायलीय. तिला कोण देतं?"

पहिल्या शनिवारी शेठनी कुलूप काढले आणि सगळ्यांना सारखी वाटणी केली. चतुराबाईने पिठाचे हात पदराला पुसले, नोटा घेतल्या आणि हसत म्हणाली, "भाकर कडक झाली म्हणून लय निरोप आले मला. चांगली झाली म्हणून आज पह्यल्यांदाच काहीतरी आलं."

त्या दिवशी माझा पत्रासुद्धा ऊन झाला होता, मित्रांनो. पुढची तीन वर्षे अशीच गेली. मामा रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत. अक्षरांवरून फडके फिरवताना त्यांचा हात हलका होई.

मग शेठ जिन्यावरून पडले आणि त्यांच्या पाठीचा मणका दुखावला. ते सेलूच्या घरी अंथरुणाला खिळले आणि हॉटेल त्यांच्या पुतण्याच्या, योगीराजच्या हाती आले. योगीराज कामाचा होता. त्याने गळके नळ बदलले, नवी फरशी घातली, हाताने लिहायची बिले बंद करून छापील बिले सुरू केली. त्या बिलात तळाला एक नवी ओळ आली, ‘सेवा शुल्क’. त्याच दिवशी त्याने माझ्या तोंडावर रुंद पट्टी चिकटवली. तिच्यावर लिहिले होते, ‘सेवा शुल्क बिलात घेतले आहे.’

मामांनी विचारले, "मग डबा काढू का मालक?"

"राहू द्या. डबा दिसला की लोकांना वाटतं, पैसे तुमालाच जातात."

"आन आमाला?"

"फरशीचा खर्च निघू द्या, मग बघू."

हे शुल्क द्यायची सक्ती नव्हती. कोणी नको म्हटले, तर योगीराज मुकाट्याने ते बिलातून काढून टाकी. पण ज्याच्या टेबलावरचे काढावे लागे, त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई. "गिऱ्हाईक नाराज झालं, म्हणजे तुमचीच सेवा कमी पडली," असे त्याचे म्हणणे.

हॉटेलच्या मागे पत्र्याची एक खोली होती. मामा तिथेच राहत. काम गेले की खोली जाणार, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला या वयात दुसऱ्या हॉटेलात कोण ठेवणार? म्हणून ते गप्प राहिले. एखादे भले गिऱ्हाईक विचारी, "मामा, हे पैसे तुम्हालाच मिळतात ना?" मामा गल्ल्याकडे बघत आणि म्हणत, "हो साहेब, मिळतात की."

प्रत्येक वेळी मी ते ऐकत होतो. पोट रिकामे, तोंड बंद, पाय टेबलात रुतलेले. अंगावरची अक्षरे मात्र सगळ्यांना दिसत होती. मामांनी मला पुसायचे सोडून दिले. ते माझ्या भोवतीचे टेबल पुसत आणि माझ्यापाशी आले की हात वळवून घेत. मला त्यांचा राग आला नाही. ते खुर्च्यांमधून फिरत होते एवढेच, बाकी माझ्यासारखेच जखडलेले होते.

एका रविवारी दुपारी जिंतूरचे बजरंगराव मुलीला घेऊन जेवायला आले. मुलीचे नाव सृष्टी, सहावीत शिकणारी. जे दिसेल ते मोठ्याने वाचायची तिला सवय होती. बिल आले तसे तिने तेही वाचून काढले आणि विचारले, "मामा, सेवा शुल्क म्हणजे काय?"

"तुमाला वाढलं, पाणी दिलं, त्याचे पैसे, बाई."

"म्हणजे हे तुमचे?"

मामांनी सवयीने तोंड उघडले. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते जे सांगतील ते खरे मानायला तयार होती. गल्ल्यावरून योगीराजही बघत होता.

"न्हाई बाई," मामा म्हणाले. "आमाला यातलं काही येत न्हाई. आन हे द्यायलाच पाहिजे असंबी न्हाई. चार महिने झाले, मी लोकांना खोटं सांगायलोय."

बजरंगराव उठले, गल्ल्यापाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, "हे काढा." योगीराजने काढले. जाताना त्यांनी मामांच्या हातावर एक नोट ठेवली. ती घेऊन मामा थेट आत गेले आणि चतुराबाईला अर्धे पैसे देऊन आले.

योगीराज ओरडला नाही. एवढेच म्हणाला, "मामा, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा."

मामा एक पिशवी घेऊन जिंतूरच्या एसटीत बसले. निघण्याआधी ते माझ्यापाशी आले आणि खांद्यावरच्या फडक्याने त्यांनी मला कोपऱ्या-कोपऱ्यांतून पुसले. इतके सावकाश त्यांनी मला पूर्वी कधीच पुसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चतुराबाईने चूल पेटवली नाही. परात योगीराजसमोर ठेवून ती म्हणाली, "सटवाजीदादाला काढलं तसं मलाबी काढ. आन भाकरी तूच थाप. न्हाईतर बिलातली ती ओळ काढ." बाहेर बारा टेबले भरलेली होती. त्या हॉटेलात लोक तिच्या भाकरीसाठी थांबत. दुपार टळायच्या आत बिलातली ती ओळ गेली.

मग माझे स्क्रू निघाले. मला वाटले, आता पट्टीही निघेल. पण योगीराज म्हणाला, "हा डबा बघितला की लोकांना सगळं आठवतं," आणि मला या खोलीत आणून ठेवले. माझ्या कुलपाची किल्ली त्याच्याकडेच आहे.

परवा चतुराबाई कांदे घ्यायला आली आणि इथेच उभी राहून फोनवर बोलली. "दादा, या की परत. मी बोलते त्याला." थोडा वेळ ती ऐकत राहिली. "येलदरीच्या धरणावर? भाच्याच्या गाड्यावर? मासे तळायलाव? आन गुडघा?" पुन्हा ऐकले. मग हलकेच म्हणाली, "बरं. तिथं कुणी काही बोलायला लावत नसंल, तर तिथंच ऱ्हावा." फोन ठेवून ती कांदे भरू लागली. मामा सुटले, मित्रांनो. मी अजून फळीवर आहे.

तुम्ही मोठ्यांबरोबर हॉटेलात जाल, तेव्हा बिल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. खूश झालात तर ज्याने वाढले त्याला हातात द्या, आणि आत तव्यासमोर कोण आहे तेही विचारा. द्यावेसे वाटले नाही, तर नका देऊ. मी जन्मभर रिकामा राहीन. पण माझ्या अंगावरच्या दोन शब्दांसाठी कुणा म्हाताऱ्या माणसाला खोटे बोलायला लावू नका.