तिसरा पेला

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे आणि अगदी थकून गेले आहे. माझा निळा रंग कधीच उडाला, बूड काळं ठिक्कर पडलं, झाकणाची कडी तुटली तिथे तार आली. अतार गावच्या बाजारातून माझ्या मालकिणीने, मुनीनाने, मला आणलं, तेव्हा शेजारणी म्हणायच्या, "काय देखणी आहे गं!" आता कुणी वळूनही बघत नाही.

आमच्या वाळवंटात चहा म्हणजे तीन पेले. तिसरा प्यायल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नाही; उठला तर घरच्या बाईचा अपमान. तेव्हा दिवसातून कितीदा मी निखाऱ्यांवर चढले असेन, ते विचारूच नका.

मुनीनाचा मुलगा येस्लेम माझ्याच चहावर वाढला. मग खजुराची बाग सोडून तो लोहखनिज वाहणाऱ्या मालगाडीवर कामाला निघाला. "गेलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस," मुनीना म्हणाली. पोरगा आईच्याच वळणावर गेलेला. त्याने खरंच दाखवलं नाही. दोन वर्षांनी एका उंटवाल्याच्या तोंडून त्याचा निरोप आला. "सोमवारी खनिज भरून जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यात मी असेन. आई रुळांजवळच्या काळ्या खडकापाशी उभी दिसली, तर तिचा राग गेला असं समजेन. नाही दिसली, तर पुन्हा विचारणार नाही."

मग घरात दुसरा विषयच नाही. मुनीनाच्या बहिणीचा मुलगा देद्दा याच्याकडे पिकअप होती.

"मावशी, एवढ्या उन्हात मालगाडी बघायला कोण जातं? ती काय नवरीची वरात आहे?"

"तू नेतोस की नाही ते सांग. चहा माझा."

"नेतो. पण माझ्या गाडीचे दिवे फुटलेत. उन्हं उतरली की मी परत निघणार. मग रडायचं नाही."

"रडतंय कोण मेल्या!"

पाणी, खजूर, कोळसा, चटई, सगळं बांधून झालं. मला मात्र मुनीनाने पिशवीत भरलं, काढलं, पुन्हा भरलं. राग आणि माया यांचं तिच्यात भांडण चाललं होतं, आणि हाल माझे होत होते.

सोमवारी आम्ही खडकाच्या सावलीत बसलो. पहिला पेला झाला, दुसरा झाला, गाडीचा पत्ता नाही. सावली लांबत गेली. देद्दा किल्ली वाजवायला लागला.

"मावशी, तिसरा ओत आणि चल."

"पाणी तापलं नाही रे अजून."

"मघापासून तापतंय!"

"किटली म्हातारी झालीय. तिला वेळ लागतो."

जन्मात मी कधी उशिरा उकळले नाही! फार लागलं मला ते. मग दिसलं, की मुनीना बोलता बोलता माझ्याखालच्या निखाऱ्यांवर चिमूट चिमूट वाळू टाकते आहे. देद्दालाही ते दिसलं. त्याने किल्ली खिशात टाकली आणि तो मांडी घालून बसला.

सूर्य टेकता टेकता रूळ गुणगुणले. डब्यांमागून डबे गेले, डोळ्यांत धूळ गेली, तरी मुनीना अनवाणी उभी राहून पदर हलवत होती. शेवटच्या डब्यात धुळीने काळा झालेला एक माणूस डोक्याचं फडकं सोडून नाचवत होता.

"आई! येतो मी! चहा ठेव!"

गाडी दिसेनाशी झाली आणि मुनीना मटकन खाली बसून रडली. देद्दा म्हणाला, "आता तरी ओत." तिसरा पेला कोमट होता, त्यात वाळू होती. त्याने तो फुरके मारत संपवला आणि अंधारात चाचपडत आम्हाला घरी आणलं.

पुढे येस्लेम सुट्टीवर आला, तो विजेची चकचकीत किटली घेऊन. ती बघता बघता उकळते आणि आपोआप बंद होते. मी फळीवर गेले.

मित्रांनो, घरातलं जुनं माणूस किंवा भांडं हळू झालं, तर लगेच त्याच्यावर वैतागू नका. कुणासाठी तरी ते वेळ काढत असेल. मी दमले आहे, फळीवर मला बरंही वाटतं. पण सुट्टी संपून येस्लेम परत निघतो, त्या दिवशी मुनीना मलाच खाली काढते. कोळसे पेटवते, शेजारी मूठभर वाळू ठेवते. मग तिसऱ्या पेल्याला फार उशीर होतो.